तो मेलबॉक्स मी पाडला

अनघे, रविवारी तुझ्यासाठी सगळे जमलो होतो, तेव्हा विनूकाकांनी पुन्हा तो मेलबॉक्सचा किस्सा सांगितला. आपल्या नेपरव्हिलच्या मंडळात तो चारदा न ऐकलेला एकही माणूस उरला नसेल, तरी सगळा हॉल हसला. तुझ्या फोटोला हार होता, समोर समई होती, आणि विनूकाका हवेत स्टिअरिंग फिरवत सांगत होते, की सोळा वर्षांची ही पोरगी, हातात नवंकोरं लायसन, वडिलांची गाडी घेऊन निघाली ती थेट एका गोऱ्या आजींच्या दारासमोर खांबावर बसवलेल्या मेलबॉक्सवर! तुझी ईशासुद्धा रडता रडता हसली. "मॉम वॉज द वर्स्ट ड्रायव्हर," म्हणाली, आणि परत हशा. काकू, तुझी आई, पहिल्या रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत. पण मान हलवली त्यांनी, हो म्हणून.

आणि मी तिसऱ्या रांगेत पर्सची चेन उघडझाप करत बसले होते. कारण गाडी मी चालवत होते. हे जगात दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक त्या फोटोत हार घालून बसली होती. उठून सांगावं असं इतकं वाटलं की मी पर्स उचललीसुद्धा. पण तुला शब्द दिलेला ना! काकू आहेत तोवर बोलायचं नाही. तू धरूनच चालली होतीस की आधी काकू जातील, मग आपण दोघी म्हाताऱ्या झालो की सगळ्यांना सांगत सुटू. आता तू त्रेपन्नाव्या वर्षी निघून गेलीस आणि काकू चौऱ्याऐंशीच्या, खणखणीत. मग या शब्दाचं मी काय करायचं? तुला विचारायची सोय नाही, म्हणून लिहून राहिली. बघ, अजून नागपूर सुटत नाही.

तुला माहीत असलेलंच सांगते, पण सांगू दे. मी पंधराव्या वर्षी नागपुरातून इथं आले ती भर जानेवारीत. माझ्या बाबांनी आणि तुझ्या बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की या दोघी मैत्रिणी. तू इथंच जन्मलेली. तुझं मराठी म्हणजे, मला दारात बघून तू म्हणालीस, "तू थंडी आहेस का?" मी म्हटलं, हो, आहे. त्यानंतर तुझं मराठी मी सुधारलं आणि ते असं सुधारलं की काकूंनी कपाळाला हात लावला. त्या पक्क्या पुण्याच्या. त्यांची लेक एक दिवस म्हणाली, "आई, मी होमवर्क करून राहिली." काकू म्हणाल्या, "आमच्या घरात करून राहत नाहीत. करतात." पण तू शेवटपर्यंत करूनच राहिलीस.

आणि तू मला काय शिकवलंस? तर अमेरिका. तीही कुठून, तर किराणा दुकानाशेजारच्या त्या व्हिडिओच्या दुकानातून, सगळ्यात खालच्या फळीवरून, जिथं गुडघे टेकून बसावं लागायचं. कुणी नाव न ऐकलेले, चार दिडक्यांत काढलेले सिनेमे. सगळ्यांची गोष्ट एकच. चार पोरं, एक उसनी गाडी, गावातला एक रस्ता. त्या रस्त्यावरून खाली जायचं, बर्गरच्या दुकानापाशी वळायचं, परत वर यायचं. बस. दीड तास! पोरं शाळकरी म्हणायची, पण एकाच्या डोक्याला चक्क टक्कल पडायला लागलेलं. रस्ता सरळ असला तरी हीरो स्टिअरिंग आपला डावीउजवीकडे हलवतोय. मागून तीच लाल गाडी इतक्या वेळा जायची की आपण मोजायला लागलो होतो. एकात तर माइकची काठी वरून खाली आली आणि हीरॉइननं ती बघितली! आपण ते रिवाइंड करून करून बघितलं, पोट दुखेपर्यंत. काकू एकदा आपल्यामागे येऊन वीस मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या मुलांना अभ्यास नाही का?"

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचे, याला सिनेमा म्हणतात का बाप्पा? सिनेमा म्हणजे कुणीतरी कुठंतरी पोचायला पाहिजे. तू म्हणायचीस, पोचले तर सिनेमा संपेल ना यार. मी म्हणायचे, मग संपू दे! तू रागानं पॉपकॉर्नचा वाडगा उचलून दुसऱ्या सोफ्यावर जायचीस. पंधराव्या वर्षापासून हे भांडण. तुझं लग्न झालं, माझं झालं, मुलं झाली, तुझे बाबा गेले, माझे गेले, पण एकीनंही माघार घेतली नाही.

तरी तुझ्याबरोबर ते करायला मी एका पायावर तयार होते. तुझ्या बाबांनी ती तपकिरी सेकंडहँड स्टेशन वॅगन घेतली, बाजूंना लाकडाचं चित्र चिकटवलेली, लांबीला आपल्या नागपूरच्या बैठकीएवढी. गावातली पोरं शुक्रवारी संध्याकाळी गाड्या काढून मेन स्ट्रीटवर फिरायची. आपल्याला शुक्रवारी संध्याकाळी कोण सोडतंय! आपली परवानगी रविवारी, जेवणं उरकल्यावर, दुपारी चार ते सहा. म्हणजे आपण फिरायला निघायचो तेव्हा रस्त्यावर आपल्याबरोबर कोण, तर चर्चमधून मुलाकडे जेवून घरी निघालेल्या आज्या. पुढे आजी, मागे आजी, मध्ये आपण, काचा खाली, गाणी मोठ्यानं, डॅशबोर्डवर गणपती. पोस्टापासून नदीच्या पुलापर्यंत, पुलापासून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत, यू-टर्न, परत. ताशी पंधरा मैल. आज्यांमुळे त्याहून जोरात जाताच यायचं नाही.

आणि पहिल्या रविवारी तू परवानगी काय मागितलीस, आठवतं? मी तुला घोकून शिकवलं होतं, 'आम्ही चक्कर मारून येतो.' तू आत जाऊन म्हणालीस, "आई, आम्हाला चक्कर येते, सहा वाजता जाईल." काकूंनी आपल्याला दोन तास आडवं केलं, डोक्यावर ओला रुमाल आणि लिंबूसरबत. मी हसू दाबत होते आणि तू माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होतीस.

आता तो रविवार. गाडीची पूजा होऊन महिनाही झाला नव्हता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. एक नारळ फोडला होता आणि दुसरा, लाल कापडात बांधलेला, ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला होता, कारण पुण्याच्या मावशींनी काकूंना फोनवर बजावलं होतं की पहिल्या संकष्टीपर्यंत गाडीत नारळ असू द्या. दोन चकरा मारून झाल्यावर माझी भुणभुण सुरू झाली. मी म्हटलं, त्या तुझ्या सिनेमात एक तरी मुलगी गाडी चालवते का? नुसती बाजूला बसून च्युइंगम चघळते. तू जरा विचार केलास आणि आज्यांचा रस्ता सोडून मागच्या शांत गल्लीत गाडी घेतलीस. उतरलीस, गोल फिरून माझ्या दाराशी आलीस आणि म्हणालीस, "आपल्यात चालवते."

माझ्याकडे लायसन सोड, साधं शिकाऊ परमिटसुद्धा नव्हतं. मी पहिला ब्रेक दाबला, गाडी थांबली. कसलं भारी वाटलं! पुन्हा निघाले, जरा जोरात, म्हणजे दहा मैलांनी. दुसऱ्यांदा ब्रेक दाबायला गेले तर पाय खाली जाईचना. सीटखालून नारळ गडगडत पुढे आला होता आणि बरोब्बर पेडलच्या खाली जाऊन बसला होता. मी ओरडले, "अनघा, नारळ!" तू म्हणालीस, "व्हॉट?" आणि तेवढ्यात मेलबॉक्स आला. आला म्हणजे, तो जागेवरच होता, आपण गेलो.

मी थिजून बसले होते. आदल्याच आठवड्यात बाबांनी निक्षून सांगितलं होतं, एक जरी भानगड केलीस तर अकरावी नागपुरात, आजीकडे, परतीचं तिकीट विसर. आणि बाबा बोलायचे ते करायचे. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "सरक." तुझ्या तोंडून इतकं बिनचूक मराठी मी तोवर ऐकलं नव्हतं! माझ्या अंगावरून चढून तू ड्रायव्हरच्या जागी बसलीस, नारळ काढून माझ्या स्वेटरात कोंबलास आणि त्या आजी स्लिपर फटफटवत बाहेर आल्या तेव्हा तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मी इथं कॉलेजला गेले, इथं नोकरी केली, इथं माझा संसार झाला. हे सगळं तू त्या एका शब्दात मला दिलंस, अनघा. मी हे तुला कधी असं तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ड्रामा नको करू.

पुढचं तू भोगलंस. काकूंच्या डोक्यात पक्कं बसलं की मेलबॉक्स म्हणजे सरकारी पेटी, आणि सरकारी पेटी पाडली म्हणजे आता आपलं ग्रीन कार्ड जाणार, सगळ्यांना विमानात बसवून परत पाठवणार. आठ दिवस त्या टपालवाला दिसला की पडद्यामागे जायच्या. तुझ्या बाबांनी शनिवारी जाऊन आजींना नवा मेलबॉक्स सिमेंटमध्ये बसवून दिला, थोडा वाकडा. तुझी गाडी वर्षभर बंद. आणि नाव पडलं ते पडलंच. मंडळाच्या पिकनिकला, मंगळागौरीला, तुझ्या लग्नात वरात निघताना, कुणी ना कुणी ओरडणारच, "मेलबॉक्सला चालवायला देऊ नका रे!" तू हसायचीस. मला मात्र दरवेळी कान धरून कुणीतरी उभं केल्यासारखं व्हायचं.

वर त्या नारळाची गंमत. काकूंनी विचारलं, गाडीतला नारळ कुठाय? तू घाबरून म्हणालीस, फुटला. काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, "नारळानं स्वतःवर घेतलं गं, माझी पोर वाचली." झालं! ज्यानं गाडी आदळवली तोच तारणहार! प्रत्यक्षात तो नारळ माझ्या घरी होता, आईनं त्याच्या वड्या केल्या आणि एक डबा काकूंकडेही गेला. काकूंनी त्या आवडीनं खाल्ल्या. तेव्हापासून तुमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक गाडीत सीटखाली नारळ ठेवला गेला आणि प्रत्येक वेळी तू तो गुपचूप उचलून डिकीत टाकलास.

मी तीनदा सांगायला निघाले होते, तिन्ही वेळा तू अडवलंस. शेवटचं यंदाच्या वसंतात, केमोच्या खुर्चीत तू, शेजारी मी, मांडीवर टॅबलेट. आपण तेच जुने सिनेमे बघत होतो, कारण तू म्हणालीस की याच्यात कुणी मरत नाही. मी म्हटलं, मरायला बजेट लागतं. तू इतकी हसलीस की नर्स धावत आली. मग मी म्हटलं, "आता तरी काकूंना सांगू दे." तू टॅबलेट थांबवलास. म्हणालीस, "आईला कळेल की तिच्या नारळानं झालं. ती स्वतःला दोष देत बसेल, सुलू. आई आहे तोवर नको." तुझ्या हाताला सुई लावलेली. त्या हाताला मी नाही कशी म्हणणार? दिला शब्द.

पण मला एक सांग, तू गाडी कशी चालवायचीस हे कुणालाच कसं दिसलं नाही? माझ्या अर्णवच्या वेळी सकाळी आठ वाजता कळा सुरू झाल्या, बाहेर फूटभर बर्फ, माझा नवरा शिकागोत, ट्रेन बंद. तू आलीस. काचेवर काही दिसत नव्हतं. तू मला एकदाही धक्का लागू दिला नाहीस, सगळा वेळ त्या टक्कलवाल्या हीरोच्या नकला करत होतीस आणि मी कळांमध्ये हसत होते. इतकी सांभाळून गाडी चालवणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. आणि काकू तुझ्या शेजारी बसल्या की वरचं हँडल घट्ट धरून, "हळू गं, हळू, पेटी!" पस्तीस-छत्तीस वर्षं. तू म्हणायचीस, "हो आई." आणि जात असायचीस पंचवीसनं.

तर गुरुवारी दुपारी मी काकूंकडे गेले. तू गेल्यापासून त्या फक्त त्या रविवारीच घराबाहेर पडल्या होत्या. रडल्याही नव्हत्या. नुसत्या खिडकीत बसून राहायच्या, ईशा घाबरली होती. मी म्हटलं, काकू, चला, गाडीतून फिरवून आणते. नको नको करत बसल्या. मी मुद्दाम आपल्याच रस्त्यानं नेलं. पोस्ट, पूल, आइस्क्रीमचं दुकान, तिथं आता फोनचं दुकान आहे, तरी तिथंच यू-टर्न. काकूंनी हँडल धरलं आणि म्हणाल्या, "अनघा इथूनच यायची ना? वेडी पोर. गाडीचं मेलं वेड, आणि येत तर नव्हती."

अनघे, तिथं माझ्यानं राहवलं नाही. शप्पथ सांगते, मी ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, "काकू, तेव्हा गाडी मी चालवत होते." आणि मग सगळंच आलं बाहेर, परमिट, बाबा, सरक, नारळ, वड्या. सगळं. मी रडत होते, समोरचं नीट दिसत नव्हतं.

काकू म्हणाल्या, "आधी गाडी बाजूला घे."

घेतली. मग त्यांनी मला जे झापलंय! सदतीस वर्षांनी, पण ताजं, जसं काही मेलबॉक्स आत्ताच पडलाय. घोड्याएवढी झाली होतीस, लायसन नाही, अक्कल नाही, आठ दिवस मी पडद्यामागे लपत होते, आणि वर वड्या खायला घालतेस मला? शेजारून जाणारी एक बाई गाडीची काच खाली करून विचारून गेली, सगळं ठीक ना? काकूंनी तिला हातानंच घालवलं. आणि तुझी ती भीती, की आई स्वतःला दोष देईल? अगं, एक सेकंद नाही दिला! मी चाचरत म्हटलं, नारळ पेडलखाली आला होता हो. तर म्हणाल्या, "आला म्हणूनच वाचलात. नारळ नसता तर तू झाडावर घातली असतीस." मला इतकं हसू आलं, आणि त्यांनाही. पदरानं तोंड दाबून हसत होत्या आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. खूप रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोरीला येत होती."

मी म्हटलं, "सगळ्यांपेक्षा चांगली येत होती, काकू."

"आणि मी आपली तिला हळू हळू म्हणत राहिले."

"ती हळूच चालवायची."

"हो गं," त्या म्हणाल्या. "ती हळूच चालवायची."

परत येताना त्यांनी माझ्याच फोनवरून विनूकाकांना फोन लावला. विनूकाका आधी विश्वास ठेवीनात, मग म्हणाले की इतक्या वर्षांचा चांगला किस्सा घालवलात. काकू म्हणाल्या, किस्सा तोच ठेवा, नाव बदला. त्यांचं झाल्यावर आणखी तिघांना लावला. घरी पोचेपर्यंत अर्ध्या मंडळाला कळलं होतं, आणि मला कितीतरी वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

ईशा दारातच उभी होती, आजी कुठं गेली म्हणून. काकूंनी उतरायच्या आधीच काच खाली केली आणि म्हणाल्या, "ईशा, तुझी आई गाडी फार छान चालवायची."

ईशाचे डोळे भरले. "आय नो, आजी," ती म्हणाली. "शी टॉट मी."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला येत नाही. मंगळवारी दहाला मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला येईल, तेव्हा बघते हिच्याकडे."

मी शब्द मोडला, अनघे. रागाव माझ्यावर, दुसऱ्या सोफ्यावर जाऊन बस. पण तुझ्या आईनं ते म्हटलं आणि तुझ्या लेकीनं ते ऐकलं, आणि मी तिथं होते.